खंदकातले चोवीस तास

सिनेमातलं युद्ध कसं असतं, हे तुम्हाला काही नव्यानं सांगायला नको. धडामधूम आवाज, धुराचे लोट आणि बंदूक घेऊन धावत सुटलेला हिरो! अडीच तासांत सगळा कारभार आटोपतो. आता जरा हिशेब करा. पहिलं महायुद्ध जुलै 1914 च्या अखेरीला सुरू झालं आणि नोव्हेंबर 1918 मध्ये थांबलं. म्हणजे सव्वाचार वर्षं. एवढी वर्षं कुणी रात्रंदिवस धावत आणि गोळ्या झाडत राहू शकेल का?

मग उरलेल्या वेळात आघाडीवरचे शिपाई करायचे तरी काय?

काम! खणायचं, वाहायचं, बांधायचं, सुकवायचं, मोजायचं आणि जिवाचा कान करून ऐकायचं. लढाईचे दिवस मोजके, कामाचे दिवस मात्र ढीगभर. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक कामात विज्ञानाचं एखादं कोडं दडलेलं असायचं. ते सुटलं तर जीव वाचायचा, नाही सुटलं तर नाही. आज आपण अशीच काही कोडी बघायची आहेत.

त्यासाठी जायचंय युरोपात, पश्चिम आघाडीवर. बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यापासून थेट स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे 700 किलोमीटर लांबीची खंदकांची रेघ. एका बाजूला फ्रेंच, ब्रिटिश आणि त्यांचे मित्र, समोर जर्मन. मधे कुणाचीच नसलेली जमीन. तिला म्हणायचे 'नो मॅन्स लँड'. कुठे ती पन्नास मीटर रुंद, तर कुठे काहीशे मीटर. तिथे दिवसा डोकं वर काढणं म्हणजे मरणाला आवतण.

आणि हो, या रेघेवर आपली माणसंही होती. 1914 च्या शरद ऋतूत हिंदुस्थानी फौज बोटींनी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली. तिच्यात पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्स होते, म्हणजे आज आपण ज्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतो ते. त्यांच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 ला न्यव्ह शापेल या फ्रेंच गावात घराघरातून लढल्या आणि त्यांची फार मोठी हानी झाली. सॅपर म्हणजे फौजेतला बांधकामवाला. पूल, रस्ते, खंदक, तारांची कुंपणं, पिण्याचं पाणी, सगळं बघणारा. लढायची वेळ आली तर लढायचं, एरवी फावडं हातात. म्हणजे आपल्या लेखाचा खरा नायक तोच!

सूर्य मावळला, उठा!

खंदकातलं पहिलं आश्चर्य हे, की तिथे दिवस आणि रात्र यांची अदलाबदल झालेली असायची. उजेडात हललात तर समोरचा नेमबाज टिपणार. म्हणून दिवसा झोपा, साफसफाई करा, पत्रं लिहा, आणि अंधार पडला की कामाला लागा.

पहाटे उजाडण्याआधी आणि संध्याकाळी अंधारून येताना मात्र सगळ्यांनी बंदुका घेऊन आपापल्या जागी सज्ज उभं राहायचं. याच दोन वेळा का? कारण हल्ला करणाऱ्यालाही याच वेळा सोयीच्या. पुढे सरकताना चटकन दिसू नये इतका अंधार, आणि आपण कुठे चाललोय ते कळावं इतका उजेड. दोन्ही बाजूंना हे ठाऊक होतं. त्यामुळे दोन्हीकडचे शिपाई एकाच वेळी सज्ज होऊन एकमेकांची वाट बघत उभे असायचे!

रात्र झाली की टोळ्या बाहेर पडायच्या. एक टोळी जेवण आणायला, एक पडलेली भिंत बांधायला, एक तार लावायला. तार म्हणजे काटेरी तार, खंदकाच्या पुढ्यात. ती बांधायला खुंट लागतात आणि खुंट ठोकायला हातोडा. आता सांगा, रात्रीच्या शांततेत, शत्रूपासून शंभर मीटरवर, लोखंडी खुंटावर हातोडा मारला तर काय होईल? ठण्ण! आणि लगेच समोरून मशीनगन सुरू.

यावर निघालेला तोडगा फार साधा होता. खुंटाचं खालचं टोक स्क्रूसारखं पिळाचं करायचं. वरच्या वेटोळ्यातून दांडी घालायची आणि गोल गोल फिरवत तो जमिनीत पिळायचा. चूं नाही की चां नाही. ही युक्ती आधी जर्मनांनी काढली, मग ब्रिटिशांनी उचलली. खुंट तेवढाच खोल जातो, पण एका फटक्यात बसणारा धक्का पुष्कळ फेऱ्यांमध्ये वाटला जातो आणि आवाज नाहीसा होतो.

खंदक वेडावाकडा का?

विमानातून काढलेले खंदकांचे फोटो बघितले तर वाटतं, खणणाऱ्याला सरळ रेघ मारता येत नव्हती की काय? दर काही मीटरवर काटकोनात वळण, पुन्हा वळण, पुन्हा वळण.

हे मुद्दाम केलेलं असायचं. सरळ खंदकात तोफगोळा फुटला, तर त्याचे तुकडे आणि हवेचा दणका दोन्ही बाजूंना दूरवर जाणार. एखादा शत्रू खंदकात शिरला, तर तो एका जागी उभा राहून शेवटपर्यंत गोळ्या झाडणार. वळण असलं की मधे मातीचा जाडजूड आडवा बांध येतो आणि नुकसान तेवढ्या एका खणापुरतं राहतं.

न्यव्ह शापेलच्या परिसरात मात्र खणणाऱ्यांपुढे वेगळंच संकट आलं. जमीन सपाट आणि खाली चिकणमाती. पाणी मुरायला जागाच नाही. हिवाळ्यात जेमतेम गुडघाभर खणलं की पाणी लागायचं. मग खंदक खाली न खणता वर बांधावा लागला! वाळूची पोती भरायची, एकावर एक रचायची आणि त्या भिंतीआड राहायचं. चालायला खाली लाकडी फळ्यांच्या जाळ्या. अंधारात पाय फळीवरून घसरला की माणूस मांडीपर्यंत चिखलात.

या चिखलानं गोळ्यांइतकाच छळ केला. तासन् तास थंड पाण्यात राहिल्यावर पाय आधी बधिर व्हायचे, मग सुजायचे, निळे-काळे पडायचे. काहींचे कापावे लागायचे. या दुखण्याला नावच पडलं 'ट्रेंच फूट'. बर्फ पडायला हवा, असंही नव्हतं. गोठण्याइतकी थंडी नसतानाही ते व्हायचं. कारण असं की थंडी लागली की शरीर आतली ऊब वाचवायला बघतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. थोडा वेळ हे ठीक आहे. पण ओले मोजे आणि घट्ट बूट दिवसभर पायात राहिले, तर पायांना रक्तच पोचत नाही. रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही, आणि प्राणवायू नाही म्हणजे पेशी मरायला लागतात.

उपाय काय, तर रोज बूट काढायचे, पाय पुसायचे, व्हेलचं तेल चोळायचं, कोरडे मोजे चढवायचे. पण दमलेला, गारठलेला माणूस स्वतःसाठी एवढं करतोय कशाला? म्हणून जोड्या लावल्या. मी तुझे पाय चोळायचे, तू माझे. अधिकारी येऊन एकेकाचे तळवे बघायचे. एखाद्या तुकडीत ट्रेंच फूटचे रोगी वाढले, तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागायचा. त्यानंतर हे प्रमाण पुष्कळ खाली आलं.

डोकं न काढता बघा

आता दिवस उजाडलाय. समोर काय चाललंय ते बघायचं आहे, पण डोकं वर काढायची सोय नाही. काय कराल?

बरोबर, पेरिस्कोप! एक लांब चौकोनी नळी, वर एक आरसा आणि खाली एक, दोन्ही 45 अंशांत तिरके. वरच्या आरशावर पडलेला प्रकाश काटकोनात वळून खाली येतो, खालच्या आरशावर पुन्हा काटकोनात वळतो आणि थेट डोळ्यात. डोळे भिंतीआड, नजर भिंतीपलीकडे. खंदकांत असे पेरिस्कोप जागोजागी होते. समोरच्याला चमकणारा आरसा दिसला की तोही फुटायचा, पण आरसा फुटणं परवडलं.

याच पेरिस्कोपनं एक भारी कोडं सोडवलं. समोर कुठेतरी एक नेमबाज लपलाय, पण दिसत नाही. त्याची जागा शोधायची कशी? हेस्केथ-प्रिचर्ड नावाच्या ब्रिटिश मेजरनं नेमबाजीची एक शाळाच काढली होती. तिथे ही युक्ती शिकवत. कागदाच्या लगद्याचं एक रंगवलेलं मुंडकं घ्यायचं. काठीवर बसवून, खाचेत सरकवत खंदकाच्या काठावर हळूच वर काढायचं. नेमबाज फसला आणि त्यानं गोळी झाडली, की मुंडक्याला दोन भोकं पडणार. गोळी आत शिरली ते पुढचं, बाहेर पडली ते मागचं.

आता लक्ष द्या. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेघ जाते, हे तुम्ही भूमितीत शिकलात ना? ती रेघ उलट दिशेनं वाढवली की थेट नेमबाजाच्या बंदुकीपाशी पोचते. मुंडकं बरोबर पेरिस्कोपच्या उंचीइतकं खाली उतरवायचं आणि पेरिस्कोपचं खालचं टोक पुढच्या भोकासमोर धरायचं. म्हणजे पेरिस्कोपचं वरचं टोक आपोआप जिथून गोळी आत शिरली होती, त्या जागी येतं. मग मागच्या भोकातून बघायचं. जे दिसेल तिथे नेमबाज! आपली प्रमेयं कुठे कुठे जाऊन बसतात, बघा.

आणि झाडाची गोष्ट तर ऐकाच. आघाडीवरची झाडं तोफगोळ्यांनी सोलून निघालेली, नुसते बुंधे उरलेले. ब्रिटिशांकडे सॉलोमन नावाचे एक नामांकित चित्रकार होते. त्यांच्या देखरेखीखाली अशा एखाद्या बुंध्याची बारकाईनं चित्रं काढली जायची. मग कारखान्यात त्याची हुबेहूब नक्कल तयार व्हायची. आत पोलादी नळी, वर चढायला पायऱ्या, बाहेरून खरीखुरी साल. एका रात्री तोफांचा भडिमार चालू करून द्यायचा. त्या गोंगाटात खरा बुंधा काढायचा आणि त्याच जागी खोटा रोवायचा. सकाळी समोरच्यांना कालचंच झाड जागेवर दिसायचं. फक्त त्याच्या पोटात आता एक माणूस बसलेला असायचा!

तोफ कुठाय? तार सांगेल

तोफा कित्येक किलोमीटर मागे, टेकडीआड किंवा झाडीत लपवलेल्या असायच्या. गोळा येऊन पडतो, आवाज ऐकू येतो, पण तोफ दिसत नाही. मग ती शोधायची कशी?

हे काम आलं लॉरेन्स ब्रॅग या तरुणाकडे. 1915 मध्ये त्याला वडिलांसोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्याचं वय होतं अवघं 25. आणि बक्षिसाची बातमी कळली तेव्हा हा पठ्ठ्या होता आघाडीवर!

कल्पना तशी सोपी आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. आघाडीमागे एका ओळीत काही मायक्रोफोन ठेवा. तोफेचा आवाज सगळ्यांपाशी एकाच क्षणी पोचणार नाही, जवळच्याला आधी, लांबच्याला नंतर. समजा, दुसऱ्या मायक्रोफोनला आवाज एक सेकंद उशिरा आला, तर तोफ त्याच्यापासून पहिल्यापेक्षा 340 मीटर जास्त लांब आहे. या अटीत बसणाऱ्या सगळ्या जागा नकाशावर जोडल्या की एक वक्ररेषा मिळते. मायक्रोफोनच्या दुसऱ्या जोडीची दुसरी वक्ररेषा. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तोफ. खात्रीसाठी प्रत्यक्षात सहा मायक्रोफोन वापरत आणि वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजत.

पण कागदावर सुटलेलं गणित मैदानावर अडलं. तोफेचा गोळा आवाजापेक्षा वेगानं जातो. त्यामुळे आधी गोळ्याचा 'कडाड' असा कर्कश आवाज यायचा आणि मागून तोफेचा जाड 'धुम्म'. साधे मायक्रोफोन 'कडाड'नंच हलून जायचे. हवा होता तो 'धुम्म', आणि तोच सापडत नव्हता.

मग उत्तर कुठे मिळालं, सांगू? संडासात! ब्रॅग ज्या घरात राहायचा तिथल्या संडासाच्या खोलीला बाहेरच्या हवेशी जोडणारी वाट एकच होती, बसायच्या भोकाखालची. जवळची मोठी तोफ उडाली की ब्रॅग बसल्या जागी किंचित वर उचलला जायचा. कानाला फारसं जाणवत नसलं तरी हवेचा मोठा दाब येत होता तर! त्याच्याच गटातल्या टकरला आणखी एक गोष्ट लक्षात आली. तो झोपायचा त्या झोपडीच्या भिंतीला भोकं होती आणि तोफ उडाली की त्यांतून गार हवेचा झोत तोंडावर यायचा.

झालं! टकरनं 1916 मध्ये एक अतिशय बारीक तार घेतली, विजेनं तापवली आणि पेटीच्या भोकावर ताणून बसवली. गरम चहावर आपण फुंकर मारतो ना, तशी तोफेच्या 'धुम्म'ची फुंकर त्या तारेवर बसायची आणि तार गार व्हायची. गार तारेतून वीज जास्त सहज वाहते, आणि तो बदल फिल्मवर रेघेच्या झटक्यासारखा उमटायचा. 'कडाड' मात्र इतक्या भरभर थरथरतो, की तारेला त्याचा पत्ताच लागत नाही. जे हवं ते आलं, नको ते गळलं. यानंतर लपलेल्या तोफा अगदी थोड्या फरकानं नकाशावर सापडू लागल्या.

जमिनीखालचे कान

पायाखालीही एक वेगळं युद्ध चालू होतं. शत्रूच्या खंदकाखालपर्यंत बोगदा खणायचा आणि तिथे स्फोटकं ठासायची. दोन्ही बाजू हेच करत असल्यामुळे दोघांनाही सतत ऐकत राहावं लागायचं, की समोरचा कुठे खणतोय?

यासाठी जिओफोन नावाचं यंत्र फ्रान्समध्ये बनवलं गेलं. जाँ पेराँ या शास्त्रज्ञाचा त्यात हात होता, ज्यांना पुढे 1926 मध्ये नोबेल मिळालं. दोन लहान गोल डब्या, आत पारा. प्रत्येक डबीपासून एकेक नळी निघून एकेका कानात. डब्या बोगद्याच्या जमिनीवर ठेवायच्या. डाव्या कानात आवाज मोठा वाटला तर डब्या सरकवायच्या, उजव्या कानात वाटला तर पुन्हा सरकवायच्या. दोन्ही कानांत सारखा झाला की आवाज बरोबर समोरून किंवा बरोबर मागून येतोय. होकायंत्रानं दिशा टिपायची. दुसऱ्या जागेवरून असंच करायचं, आणि दोन रेघा जिथे मिळतील तिथे शत्रूची कुदळ.

बेल्जियममधल्या मेसीनजवळ ब्रिटिशांनी असे बोगदे खोलवरच्या निळसर चिकणमातीत नेले. तिथे एक वेगळीच पंचाईत झाली. उपसलेली निळी माती वर ढीग करून ठेवली आणि शत्रूच्या विमानानं बघितली, तर बोगदा किती खोल आहे ते लगेच कळणार. मातीच चुगली करणार! म्हणून ती पोत्यांत भरून गुपचूप नेऊन लपवावी लागायची. 7 जून 1917 च्या पहाटे तिथे 19 सुरुंग उडाले. धमाका समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये ऐकू गेला. त्या सकाळी हजारो जर्मन सैनिक मेले. बुद्धी वापरली गेली ती अशीही, हे विसरून चालणार नाही.

टेलिफोन चहाडखोर, कबूतर इमानी

खंदकातून मागे निरोप पाठवायला टेलिफोन होते. पण सुरुवातीच्या काळात एकच तार टाकत. वीज तारेतून जायची आणि परत यायची जमिनीतून. तार वाचली, वेळ वाचला. मग झालं असं, की हल्ल्याचे बेत शत्रूला आधीच कळायला लागले. हेर आहेत की काय, म्हणून शोधाशोध सुरू झाली. हेर निघाली जमीन! परतीची वीज जमिनीत चहूकडे पसरत होती. जर्मन आपल्या बाजूला लोखंडी सळया जमिनीत खुपसून, ती क्षीण वीज यंत्रानं वाढवून निवांत गप्पा ऐकत होते. मग पीळ घातलेल्या दुहेरी तारा आल्या. शिवाय फुलर नावाच्या अधिकाऱ्यानं अगदी क्षीण विजेवर चालणारं, चोरून ऐकायला अवघड असं यंत्र तयार केलं.

तोफगोळ्यांनी तारा तुटल्या की मात्र सगळी भिस्त कबुतरांवर. कबूतर 'तिकडे जा' म्हटलं की जात नाही, ते फक्त आपल्या घराकडे परततं. म्हणून त्याचं खुराडं आघाडीमागे ठेवत. काही खुराडी तर चाकांवरची होती, जुन्या बसगाड्यांमध्ये केलेली! तिथून कबुतरं टोपलीत घालून पुढे न्यायची आणि निरोप पायाला बांधून सोडून द्यायची. सूर्याची जागा आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांचा अंदाज घेत ती घर गाठतात.

फ्रान्समधल्या व्हर्दनजवळचा व्हो किल्ला जर्मनांनी वेढला होता. 4 जून 1916 ला आतल्या फ्रेंच मेजर रेनालनं आपलं शेवटचं कबूतर मदतीच्या निरोपासह सोडलं. विषारी धुरानं ते आधीच गुदमरलेलं होतं. तरी ते पोचलं, निरोप दिला आणि मेलं. मदत मात्र पोचू शकली नाही. तीन दिवसांनी किल्ला पडला, आणि तोही मुख्यतः तहानेमुळे. आतलं पाणी संपलं होतं.

पाठीमागचं गाव

पाण्यावरून आठवलं. आघाडीच्या मागे काही किलोमीटरवर भटारखाने, गोठे, इस्पितळं, टपालघरं, कारखाने असं एक भलंमोठं गावच वसलेलं असायचं. पुढचा एक माणूस लढता राहावा म्हणून मागे कितीतरी माणसं राबत.

पाणी आधी ब्लीचिंग पावडरनं शुद्ध करायचं, मग पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांतून पुढे न्यायचं. डबे कितीही धुतले तरी वास जायचा नाही. त्यामुळे खंदकातल्या चहाला पेट्रोल आणि ब्लीचिंग अशी दुहेरी चव! हिंदुस्थानी पलटणींच्या शिध्यात आटा, डाळ, तूप, गूळ, हळद, मिरची आणि आलं असायचं. मांसासाठी बकऱ्यांचे कळप वेगळे ठेवत, कारण हलाल आणि झटका यांची सोय स्वतंत्र करावी लागे.

बरं, ब्रिटिशांनी फ्रान्सला बोटींनी सगळ्यात जड काय पाठवलं असेल? दारूगोळा? थोडक्यात हुकलात! घोड्या-खेचरांचा दाणा आणि सुकं गवत. दोन्हींचं प्रत्येकी वजन 50 लाख टनांच्या वर गेलं, पण चारा दारूगोळ्यापेक्षा थोडा जास्तच भरला. एका घोड्याला रोज साधारण 10 किलो दाणावैरण लागते आणि आघाडीवर घोडे लाखांनी होते. मोटारी नव्या आल्या होत्या खऱ्या, पण चिखलात चालायचा तो घोडाच.

एवढं सामान पुढे न्यायला छोटे रूळ टाकले, दोन रुळांत अंतर फक्त 60 सेंटिमीटर. नेरळहून माथेरानला जाणारी झुकझुक गाडी ठाऊक आहे ना? तिचे रूळही जवळपास तेवढ्याच अंतराचे. हलके रूळ भराभर टाकता येतात आणि गोळ्यानं उडाले तर भराभर बदलता येतात. पण अगदी पुढे वाफेचं इंजिन चालायचं नाही. दिवसा धूर दिसतो, रात्री भट्टीचा उजेड. म्हणून शेवटच्या टप्प्यात पेट्रोलवर चालणारी छोटी इंजिनं डबे ओढत.

छोट्या रेल्वेचं नाव निघालं की सोलापूरकरांना 'बार्शी लाइट' आठवणारच. 1897 मध्ये सुरू झालेली ही गाडी उभारणारे इंजिनीअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्यांनी पुढे काय केलं असेल? पॅराशूट! 'गार्डियन एंजल' नावाचं त्यांचं पॅराशूट या युद्धात वापरलं गेलं. शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी. ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत पॅराशूट मिळालंच नाही.

काही दिवस पुढे काढले की पलटण विश्रांतीला मागे यायची. मग पहिलं काम आंघोळ! बेल्जियम-फ्रान्समधल्या दारूच्या भट्ट्यांमधली मोठमोठी लाकडी पिंपं गरम पाण्यानं भरायची आणि एका पिंपात आठ-दहा जणांनी उतरायचं. तोवर कपड्यांच्या शिवणींवरून कडक इस्त्री फिरायची. कशाला? शिवणीत उवा अंडी घालतात म्हणून. या उवा नुसत्या चावत नव्हत्या. खंदकात एक विचित्र ताप पसरायचा, माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळायचा. तो उवांमुळेच पसरतो, हे 1918 मध्ये प्रयोगांनी सिद्ध झालं.

आणि टपाल! एकट्या ब्रिटिश टपालखात्यातून आघाडीकडे आठवड्याला कोटीच्या वर पत्रं जात. इंग्लंडमधलं पत्र दोन-तीन दिवसांत खंदकात पोचायचं. सेनापतींना चांगलंच ठाऊक होतं, की घरचं पत्र आलं नाही तर भाकरी आणि गोळ्या असूनही माणूस खचतो.

आता सगळं जोडून बघा. प्रकाश, ध्वनी, वीज, माती, रक्ताभिसरण, पक्ष्यांची वाट शोधण्याची कला, एवढं सगळं ज्ञान पणाला लागलं. तरी ती 700 किलोमीटरची रेघ वर्षानुवर्षं फारशी हललीच नाही, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाखो माणसं मेली. न्यव्ह शापेलला आज हिंदुस्थानी जवानांचं स्मारक आहे. ज्यांची कबर किंवा चिता कुठे ते कळलंच नाही, अशा 4,700 हून जास्त जणांची नावं त्यावर कोरली आहेत. युद्धातलं विज्ञान हुशार होतं, यात शंका नाही. युद्धही तेवढंच हुशार होतं का, ते तुम्ही ठरवा.

करून पाहा

जिओफोनवाल्यांचे कान खरंच इतके तिखट असू शकतात का? स्वतःच तपासा.

एक मीटर लांबीचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा पाइप घ्या, बागेला पाणी घालतात तसला. पट्टीनं मोजून बरोबर मध्यावर पेननं खूण करा. मित्राला किंवा मैत्रिणीला पाठमोरं बसवा आणि पाइपची दोन टोकं दोन कानांना नुसती टेकवून धरायला सांगा. कानात खुपसायची नाहीत! पाइप पाठीमागे लोंबू द्या. आता पेन्सिलीनं पाइपवर हळूच टिचकी मारा आणि विचारा, आवाज डावीकडून आला की उजवीकडून?

आधी मध्यापासून 10 सेंटिमीटरवर मारा, मग 5 वर, मग 2 वर. बहुतेकांना 2 सेंटिमीटरवरची टिचकीही ओळखता येते. हिशेब करा. मध्यापासून 2 सेंटिमीटर सरकलं, की एका कानाची वाट दुसऱ्यापेक्षा 4 सेंटिमीटर लांब होते. तेवढं अंतर कापायला आवाजाला लागतो सेकंदाचा साधारण साडेआठ हजारावा भाग. एवढासा फरक तुमचा मेंदू पकडतो, तोही कुठलंही घड्याळ न वापरता!

आता डोक्याला थोडा खुराक. एक मीटरऐवजी दोन मीटरचा पाइप घेतला, तर ओळखणं सोपं जाईल, अवघड जाईल, की तेवढंच राहील? आधी उत्तर वहीत लिहा, कारणही लिहा, आणि मगच पाइप कापा.